पिनियनचा नट जितका जाम, तितका चांगला?

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगच्या तोंडाशी तेल दिसलं की पिनियन सील (शाफ्टकडून जोर घेणाऱ्या पिनियन गिअरभोवतीचं, तेल अडवणारं रबर) गेलं समजा. गाडी गिअरमध्ये टाका, इंजिनाकडून मागे येणारा शाफ्ट सोडा, इम्पॅक्ट गनने (झटके देत नट फिरवणारं यंत्र) पिनियनचा नट काढा, फ्लँज (शाफ्ट जिला जोडतो ती चकती) हातोड्याने उडवा, नवं सील ठोका, आणि नट गनने जितका जाम होईल तितका आवळा. वीस मिनिटांत काम, मजुरी वाचली. नारायणगाव-ओतूरकडच्या टोमॅटो-कांद्याच्या गाड्या रोज माळशेज घाट उतरतात-चढतात. हा मेसेज वाचून त्यातल्या कुणी जॅक लावण्याआधी मला बोललंच पाहिजे.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच घेतो. हा नट फक्त फ्लँज धरून ठेवत नाही. पिनियन दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो आणि त्या दोन्हींना कायम थोड्या ताणात ठेवावं लागतं. त्यालाच प्रीलोड म्हणतात, आणि तो ठरतो या नटावर. बऱ्याच पिकअप आणि हलक्या ट्रकांत दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती दबते. एकदा दबली की ती पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. नट जास्त गेला तर ‘थोडा उलटा फिरवू’ हा उपाय चालत नाही, कारण मग नटाखालची पकडच जाते आणि तो रस्त्यात सुटत जातो. पिनियन बाहेर काढून नवी स्लीव्ह टाकणं, एवढंच उरतं.

आता आकडे बघा. चाललेल्या बेअरिंगांवर पिनियन फिरवायला जोर लागतो साधारण १ ते २ न्यूटन-मीटर. नवी स्लीव्ह दाबायला मात्र नटावर काहीशे न्यूटन-मीटर लागतात. गनच्या एका झटक्यात १ चे ५ कधी झाले ते हाताला कळत नाही. ओळखीतली एक पिकअप अशीच गनने आवळून आली होती. तेल थांबलं, मालक खूश. काही दिवसांत हाऊसिंगला हात लावता येईना आणि चढाला कण्हल्यासारखा आवाज सुरू झाला. खोललं तर पुढचं बेअरिंग निळं पडलेलं. ते बेअरिंग तेलापासून सगळ्यात लांब असतं, आणि चढावर हाऊसिंगचं नाक वर गेलं की तेल आणखी मागे सरकतं. त्यात जादा ताण आला की ते जळणारच.

योग्य पद्धत अवघड नाही, फक्त संयम मागते. मागची दोन्ही चाकं आणि ड्रम काढा, नाहीतर ब्रेकची घासण मापात मिसळते. शाफ्ट सुटल्यावर, नटाला हात लावण्याआधी, फ्लँज फिरवायला किती जोर लागतो ते मोजा. छोटा टॉर्क पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढा. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर गुंडाळलेली दोरी सव्वादोन किलोच्या ओढीला सारखी फिरत असेल, तर ते सुमारे १.१ न्यूटन-मीटर झाले. आकडा खडूने चेसिसवर लिहून ठेवा. पिनियनचं टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत पंच मारा, नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजा. जोडताना हाताच्या लांब पान्याने नटाबाहेर तितकेच आटे दिसेपर्यंत या, मग अगदी थोडं पुढे, दर वेळी मोजत. जुन्या मापाइतकं किंवा किंचित जास्त आलं की थांबा. नट नवाच वापरा.

मेसेजची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. अनेक जड ट्रकांच्या अ‍ॅक्सलमध्ये दबणारी नळी नसते, न दबणारा स्पेसर किंवा शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नट पूर्ण ताकदीनेच आवळायचा असतो, पण तोही मॅन्युअलमधल्या टॉर्कने. हायवेवर ट्रकची कामं बघून शिकलेली सवय कुणी पिकअपवर आणली असावी असं मला वाटतं. आपल्या गाडीत काय आहे हे कळल्याशिवाय नटाला पाना लावू नका.

‘गाडी गिअरमध्ये टाका.’ हे वाचून अंगावर काटा आला. शाफ्ट सोडला की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो, गिअर काहीही धरत नाही. काही गाड्यांत हँडब्रेकही शाफ्टवरच काम करतो, तोही गेला. खाली माणूस झोपलेला असतो! सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, अ‍ॅक्सलखाली स्टँड. यात तडजोड नको.

फ्लँज पुलरने काढा. हातोड्याने ती वाकडी होते, मग शाफ्ट थरथरतो. काढल्यावर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नखाला खाच लागली तर नवं सीलही गळणार. तिथे पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला. रबरी सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते सरळ बसवा, तिरकं ठोकलं तर आतली स्प्रिंग निसटते.

राहिलं पहिलं वाक्य, तेल दिसलं म्हणजे सील गेलं. नटाच्या मधून तेल येत असेल तर ते बहुधा स्प्लाइनमधून (पिनियन आणि फ्लँज एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांतून) येतंय, तिथे जोडताना सीलंट लागतो. फ्लँज धरून वर-खाली हलवली आणि खेळ जाणवला, तर बेअरिंग गेलंय. नवं सील फार दिवस टिकणार नाही. आणि हे सगळं करण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) काढून फुंकून बघा. चिखलाने तो बुजला की तापलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. ब्रीदर साफ करा, तेलाची पातळी बघा, तोंड पुसून कोरडं करा आणि एक फेरी मारून या. तेल पुन्हा आलं तरच शाफ्ट सोडा.