चार कॅमेऱ्यांचा सेट घेण्याआधी हे वाचा

घरात कापूस भरला, सोयाबीनचा पैसा हाती आला की चोरीवर नजर ठेवणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. दुकानात एकच उत्तर मिळते: चार कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र रेकॉर्ड करणारा डबा), हार्ड डिस्क, वायर, सगळं मिळून बारा-तेरा हजार, बसवून देतो. राजेहो, हा सेट आहे तसा घेऊ नका. तेवढ्या पैशात चार कॅमेरे बसवायचे म्हणजे कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो आखडला जातो वायर, पॉवर सप्लाय आणि डिस्कमध्ये. खेड्यात बंद पडलेले कॅमेरे पाहा, बहुतेक याच तिघांपैकी एकामुळे गेलेले असतात. तेवढ्याच पैशात दोन कॅमेरे घ्या आणि उरलेले पैसे या तीन गोष्टींत घाला.

दोन कॅमेरे कुठे, हे लेन्सवर ठरतं. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला 2.8 मिमीची लेन्स असेल तर चेहरा ओळखू येतो तो साधारण 4 मीटरपर्यंत. 3.6 मिमीला 5 मीटर, 6 मिमीला 8 मीटर. हे दिवसाचं, रात्री याहून कमी. त्यापुढे माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. म्हणून पन्नास फुटी आवाराच्या कोपऱ्यात 2.8 चा कॅमेरा टांगून ‘सगळं दिसते’ म्हणण्यात अर्थ नाही. फाटक लांब असेल तर तिकडे 6 मिमीचा लावा, नाहीतर घराच्या दारावरच 3.6 चा लावा, कारण चोर शेवटी दारापाशी येतोच. दुसरा कॅमेरा कापसाची खोली आणि ढोरांचा कोठा एका नजरेत येईल असा. उंची 8 ते 9 फूट. बसवणारा हमखास छताच्या कडेला 12-14 फुटांवर ठोकतो, हात पोचू नये म्हणून. तिथून आपल्याकडच्या माणसाचा फक्त डोक्याला बांधलेला दुपट्टा दिसतो. दार पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर खऱ्या डब्ल्यूडीआरचा (समोरून ऊन असलं तरी चेहरा नीट दाखवणारा) कॅमेरा मागा, खोक्यावर 120 डीबी लिहिलेलं असतं. नुसतं ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ असेल तर समोरून ऊन आलं की माणूस काळा पुतळा होतो. पाच मेगापिक्सेलच्या मोहात पडू नका. स्वस्त पाचपेक्षा बरा दोन रात्री चांगला दिसतो.

आता वायर. डीव्हीआरच्या कॅमेऱ्याला थ्री प्लस वन केबल (चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेली) लागते, 90 मीटरचं बंडल येतं. स्वस्त बंडलात तांबं नसतं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरं निघालं तर परत करा. अशा वायरीवर कोठ्यापर्यंत 40 मीटर जायचं म्हटलं की 12 व्होल्ट तिथे पोचेस्तोवर 10 वर येतात. दिवसा कॅमेरा नीट चालतो. अंधार पडला, आतले आयआर दिवे (अंधारात पाहायला डोळ्याला न दिसणारा उजेड देणारे) लागले, त्यांनी जास्त करंट ओढला की चित्र जातं, परत येतं, परत जातं. लोक कॅमेरा बदलतात. दोष वायरचा असतो. उपाय सोपा आहे: कोठ्यात प्लग असेल तर तिथेच 12 व्होल्ट 1 ॲम्पिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. पॉवर सप्लाय 12 व्होल्ट 5 ॲम्पिअरचा चार कॅमेऱ्यांनाही पुरतो, पण तो बंद डब्यात घाला. उघडा ठेवला तर एक दिवस पाल आत शिरून शॉर्ट करते.

विजेचं रडगाणं तर सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी मोटारी चालू असतात तेव्हा 170 व्होल्ट, मध्यरात्री बंद झाल्या की 260. खरा घात न्यूट्रल तुटल्यावर होतो. सिंगल फेजच्या घरात 300-400 व्होल्ट शिरतात आणि डीव्हीआर, राउटर, टीव्ही एका झटक्यात जातात. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार वाढलं-घटलं की लाइन तोडणारा) बोर्डात एमसीबीच्या बाजूला बसवा. हजारभर रुपयांत काम होतं, आणि याला मी कॅमेऱ्याच्याही आधी पैसे देईन. दोन कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून 35 वॅटच्या आसपास खातात, म्हणजे घरातल्या 150 एएचच्या इन्व्हर्टरवर रात्र आरामात निघते. वेगळा यूपीएस नको. फक्त राउटरसुद्धा इन्व्हर्टरच्याच प्लगवर आहे ना, ते पाहा. नाहीतर लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग चालू आणि मोबाइलवर काहीच नाही.

जूनची आकाशातली वीज वेगळी. घरापासून कोठ्यापर्यंत हवेतून ओढलेली केबल म्हणजे वीज घरात आणायची वाटच. केबल जमिनीतून पाइपात न्या आणि अर्थिंग तपासून घ्या. स्क्रीनवर आडवे पट्टे वरखाली सरकत असतील तर घरच्या आणि कोठ्याच्या अर्थिंगमध्ये फरक आहे, केबल खराब नाही.

वायरच नको म्हणून वायफाय कॅमेरा घेणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. दीड-दोन फुटी मातीच्या भिंती आणि टिनाचं छत वायफाय गिळतात. राउटरपासून दोन भिंतींच्या आत असेल तरच घ्या. वावरातल्या विहिरीसाठी, मोटारीची केबल आणि स्टार्टर राखायला, 4जी सिमचा कॅमेरा चालतो. पण आधी तेच सिम मोबाइलमध्ये घालून, जिथे कॅमेरा टांगणार त्याच उंचीवर नेऊन व्हिडिओ चालवून पाहा. 1 एमबीपीएसवर तासभर थेट पाहिलं की 450 एमबी जातात, म्हणजे रोजच्या दीड जीबीत सव्वातीन तास.

सोलर कॅमेरा सतत रेकॉर्ड करत नाही. शरीराची उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरवर तो झोपेतून जागा होतो, आणि जागा होण्यात एक-दोन सेकंद जातात. हा सेन्सर माणूस आणि मागची जागा यांच्या तापमानातला फरक पाहतो. मे महिन्यात भिंत, जमीन सगळंच 40 च्या आसपास तापलेलं असताना त्याला माणूस वेगळा जाणवतच नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच्यावर विसंबू नका. माकडं पॅनल उपटतात ते वेगळंच.

रेकॉर्डिंगचा हिशेब: एच.265 मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याची नवी पद्धत) 1 एमबीपीएसला एक कॅमेरा दिवसाला 10.8 जीबी घेतो. दोन कॅमेऱ्यांना 500 जीबीची डिस्क तीन आठवडे पुरते. डीव्हीआर जुन्या एच.264 चा असेल तर निम्मे दिवस. 64 जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे पाचेक दिवस. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’चंच घ्या, साधं कार्ड सतत लिहून लवकर मरतं आणि मेल्याचं सांगतही नाही. डिस्क सर्व्हेलन्सची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सतत लिहायला बनवलेली, हवी. जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्का पुसून विकल्या जातात, म्हणून लेबलावरची तारीख वाचा. डीव्हीआर टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे डिस्क शिजते. टीव्हीजवळही नको, चोर पहिलं तिथेच हात घालतो.

पावसाळ्यात किडे आणि कोळी येतात. जाळं लेन्ससमोर आलं की आयआरचा उजेड त्यावरून परततो, चित्र पांढरं होतं आणि हालचालीचा खोटा इशारा देत रात्रभर मोबाइल वाजत राहतो. ‘रंगीत रात्र’वाला पांढरा दिवा किडे आणखी बोलावतो, तो बंद ठेवून आयआर वापरा. दर पंधरा दिवसांनी झाडू फिरवा, ब्रॅकेटमागे कुंभारणीचं मातीचं घर झालं का तेही बघा.

खरेदी करताना बिल घ्या. 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या नव्या अटींनुसार तपासणी सक्तीची आहे, जुना पडून असलेला माल स्वस्तात मिळतो तो का, हे विचारा. ॲपमध्ये कॅमेरा तुमच्याच मोबाइल नंबरवर जोडून घ्या. बसवणाऱ्याच्या खात्यावर राहिला तर तुमचं अंगण त्यालाही दिसतं, आणि तो गाव सोडून गेला की कॅमेरा रीसेटही होत नाही. तारीख-वेळ नेटवरून आपोआप घ्यायला लावा. चोरी झालीच तर त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर उतरवा, डिस्क जुन्यावर नवं लिहिते. डीव्हीआरही जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

बसवणाऱ्याचे पूर्ण पैसे दिवसा देऊ नका. अंधार पडू द्या. घरच्या कोणाला डोक्याला दुपट्टा बांधून फाटकातून चालत यायला सांगा आणि स्क्रीनवर चेहरा ओळखता येतो का पाहा. मग मेन स्विच पाडा आणि दहा मिनिटांनी मोबाइलचा डेटा लावून गावाच्या पारावरून कॅमेरा उघडा. दोन्ही जमलं तर उरलेले पैसे द्या.