सांगलीत क्रिकेटचा गेम काढायचाय? आधी क्रिकेट विसरा

सांगलीत कॉम्प्युटर गेमचा स्टुडिओ टाकायचं डोक्यात असेल तर आधी एक काम करा, सांगली सोडा. आपली अडचण अशी की इथं क्रिकेट फार झालंय. विजय हजारे इथं जन्मले, स्मृती मानधना इथं लहानाची मोठी झाली, मैदानावर सकाळी सहाला चालायला गेलात तरी तीन मॅचचे टेनिस बॉल एकदम अंगावर येतात. असल्या गावात क्रिकेटचा गेम बनत नसतो.

त्याला लुनेनबर्ग लागतं. कॅनडात, नोव्हा स्कोशियात, अटलांटिकच्या काठावर, वस्ती अडीच हजाराच्या आत, म्हणजे आपल्याकडं एवढी माणसं एका लग्नात जेवून जातात. गावाची ओळख मासेमारी आणि लाकडी जहाजं, तिथं १९२१ ला बांधलेलं ब्लूनोज नावाचं जहाज कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. आइस हॉकीच्या देशात क्रिकेटचा काय संबंध असं विचारू नका, संबंध नाही हीच तर लायकी. तिथं २००० साली एचबी स्टुडिओज निघाला आणि ईए स्पोर्ट्स ह्या अमेरिकन गेम कंपनीसाठी क्रिकेट २००२, २००४, २००५ हे गेम करत करत २००६ च्या नोव्हेंबरात त्यांनी क्रिकेट ०७ बाहेर काढला, आणि इकडं विश्रामबागेतल्या नेट कॅफेत आमची अकरावी-बारावी बुडाली.

तासाला पंधरा रुपये. एका कीबोर्डवर दोघं, डावीकडचा बॅटिंग, उजवीकडचा बॉलिंग, मध्ये कोपराकोपरी, शिफ्टचं बटण खिळखिळं झालेलं म्हणून ते दाबायला तिसरा मित्र, आणि मागं गेममधले कॉमेंटेटर रिची बेनॉ आणि मार्क निकोलस शांतपणे इंग्रजीत आमची इज्जत काढतायत. तास संपला की कॅफेवाला मॅच चालू असतानाच मेन स्विच पाडायचा. त्याला कळवळा असा शब्द माहीतच नव्हता.

पुढचा सल्ला, लायसन्सच्या, म्हणजे खरी नावं-चेहरे वापरायच्या परवानगीच्या, फंदात पडू नका. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचं घ्या, बास झालं, पैसे मोजून गेम घेणारं गिऱ्हाईक तिकडं. भारताचं नव्हतं, त्यामुळं आपली टीम घेतली की नावं अशी तोडमोड केलेली यायची की रेशनकार्डावर छापल्यासारखी वाटायची. चेहरा ओळखीचा नाही, आडनाव ओळखीचं नाही, तरी तोच आपला सचिन म्हणून आम्ही सेंच्युरीला टाळ्या वाजवायचो. इंग्लंडच्या काउंट्या, म्हणजे तिकडच्या रणजी टीम, मात्र साग्रसंगीत, २००५ ची ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज, परत खेळायची वेगळी सोय. विदर्भाच्या रणजी टीममधला एक प्लेअर सांगता यायचा नाही पण डर्बीशायरची बॅटिंग ऑर्डर पाठ, अशी पोरं मी सांगलीत बघितलीत. म्हणजे आरशात.

नाव लावायचं तरी कुणाचं? कोडमास्टर्स ह्या दुसऱ्या गेम कंपनीचा ब्रायन लाराच्या नावाचा २००७ चा गेम इकडं युवराज सिंगच्या नावानं आला, भडंग तेच, पिशवी नवी. खुद्द ईएनं १९९३ पासून फिफाचं नाव लावून धंदा केला, मग फाटलं, फिफा २३ शेवटचा ठरला आणि त्यापुढचा ईए स्पोर्ट्स एफसी २४ म्हणून विकावा लागला. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओनं डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ काढला. आता १९४८ च्या ॲडलेड टेस्टमध्ये ब्रॅडमनच्या टीमसमोर दोन्ही डावांत सेंच्युरी मारली होती आपल्या हजारेंनी, पण गेमवर नाव ब्रॅडमनचं. हजारेंच्या नावानं ट्रॉफी आहे की, अजून काय पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायमिंग. बाजार येताना दिसला की शटर ओढा. २००८ ला आयपीएल सुरू झालं, अख्खा देश क्रिकेटवर पैसा उधळायला लागला, आणि क्रिकेट ०७ चा पुढचा भाग काढायचं ईएनं काय मनावर घेतलं नाही. एचबीवाले रग्बी वगैरे करत गोल्फला लागले, २०१४ ला स्वतःचा द गोल्फ क्लब, मग पीजीए टूर २के२१, आणि २०२१ ला २के ह्या गेम कंपनीनं अख्खा स्टुडिओच विकत घेतला. गोल्फ! आपल्याकडं एवढी हिरवी जमीन मोकळी दिसली तर कुणीतरी ऊस लावेल.

बंद केलेल्या गेमची काळजी करू नका, ती पोरं करतात, तेही फुकट. नवे शर्ट, नवे चेहरे, नवी स्टेडियमं, खरी नावं, सगळं घरी बसून बनवून पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फायली, टाकत राहतात, त्यामुळं २००६ च्या गेममध्ये चेन्नई-मुंबई फायनल होते. बेनॉ २०१५ ला गेले तरी माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर अजून बोलतायत, आणि समोर खेळणारा बॅट्समन त्या कॉमेंट्रीच्या रेकॉर्डिंगवेळी बालवाडीत होता.

परवा सहज हिशेब केला, इतक्या वर्षांत मी ह्या गेमवर किती खर्च केला. कॅफेवाल्याला हजारो रुपये, मार्करनं नाव लिहिलेल्या सीडीचे पन्नास, आणि ज्यांनी बनवला त्यांना शून्य. ईए का थांबली असेल ह्यावर मी चहाच्या गाड्यावर दहा वर्षं तावातावानं बोलतोय, हा आकडा मात्र कधी काढला नव्हता.

तरी तुम्ही काढाच स्टुडिओ. मी पहिल्या दिवशी पहिला येणार, शब्द आहे माझा. पेनड्राइव्ह घेऊनच येतो.