अमेरिकेला फुटबॉल कळत नाही म्हणे

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या २०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, "अमेरिकेला काय कळतंय फुटबॉलमधलं!" जणू मेस्सी मायामीला गेला आणि तिथे पहिल्यांदा चेंडू लाथाडला गेला. अशांनी एकदा फॉल रिव्हर मार्क्समेन या जुन्या अमेरिकन क्लबबद्दल वाचावं.

फॉल रिव्हर हे मॅसेच्युसेट्समधलं कापडगिरण्यांचं शहर. लँकशायरहून आलेल्या कामगारांनी तिथे फुटबॉल आणला आणि पोर्तुगीज, फ्रेंच-कॅनेडियन घरांतल्या पोरांनी तो आपलासा केला. १९२२ मध्ये सॅम मार्कने तिथला संघ हाती घेतला आणि संघाला, स्टेडियमला, दोन्हीला स्वतःचं नाव दिलं. (हौस दांडगी!) पण डोकं तल्लख. मॅसेच्युसेट्समध्ये रविवारी व्यावसायिक सामन्यांना कायद्याने बंदी, आणि गिरणी कामगारांना पूर्ण सुट्टी रविवारचीच. मग पठ्ठ्याने स्टेडियम बांधलं ते राज्याच्या हद्दीपलीकडे, ऱ्होड आयलंडमधल्या टिव्हर्टनला. कायदाही पाळला आणि गल्लाही भरला.

१९२४, १९२७, १९३० आणि १९३१ असा चार वेळा नॅशनल चॅलेंज कप, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय फुटबॉल कप, जिंकला या संघाने. वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक कोणाची? फॉल रिव्हरमध्येच जन्मलेल्या, मार्क्समेनच्या बर्ट पॅटेनॉडची. १७ जुलै १९३०, मोंटेव्हिडिओ, समोर पॅराग्वे. अमेरिका त्या वर्ल्डकपच्या उपांत्य फेरीत पोचली होती. फिफाने मात्र हा मान कितीतरी वर्षं दोन दिवसांनी हॅटट्रिक करणाऱ्या अर्जेंटिनाच्या स्टाबिलेला दिला आणि २००६ मध्ये चूक सुधारली. पॅटेनॉड तोवर हयात नव्हता.

मग हे सगळं गेलं कुठे? प्रेक्षकांना गोडी नव्हती म्हणून संपलं, हे मला अजिबात पटत नाही. १९२८ मध्ये हे क्लब खेळायचे ती अमेरिकन सॉकर लीग आणि देशाचं फुटबॉल फेडरेशन एकमेकांच्या उरावर बसले. पाठोपाठ महामंदी. गिरण्या तर आधीपासूनच दक्षिणेकडच्या स्वस्त मजुरीच्या मागे निघाल्या होत्या. १९३१ मध्ये शहराचंच दिवाळं वाजलं, आर्थिक कारभार राज्याच्या मंडळाकडे गेला. त्याच वर्षी मार्कने संघ उचलून न्यूयॉर्कला नेला.

मार्कला मी खलनायक म्हणणार नाही, पैसे त्याचे अडकले होते. पण क्लब म्हणजे मालकाचं दुकान, वाटेल तेव्हा शटर ओढून दुसऱ्या गावात उघडावं, ही तिथली खोड तेव्हापासूनची आहे आणि ती मला खटकते. २०१७ मध्ये कोलंबस क्रूच्या मालकानेही संघ ऑस्टिनला हलवायचा घाट घातला होता. चाहते रस्त्यावर उतरले, नवे मालक मिळाले, क्लब गावातच राहिला. फॉल रिव्हरच्या लोकांनी १९३१ मध्ये मोहीम काढायची तरी कशाच्या जोरावर? हातात पगारच नव्हता.