दोन टन दगड आणि एक घासणी

आमच्या परसातल्या तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद निफाडहून आला. माझ्या धाकट्या दिरांनी द्राक्षबागेसाठी शेततळं केलं, त्यातून उरलेला हा तुकडा. ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड आणि काळाकुट्ट. "वहिनी, काळा आहे म्हणून टिकतो," भाऊजी म्हणाले, "त्यात कार्बन असतो, त्यामुळे उन्हानं लवकर तडकत नाही." खड्डा १० फूट बाय ८ फूट आणि खोली २ फूट. कागद किती लागेल? लांबी-रुंदीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर दोन्ही कडांना फूट-फूट सोडायचा, म्हणजे १६ बाय १४. भाऊजींनी हा हिशेब उभ्या उभ्या केला, नवऱ्याने एक्सेलमध्ये. उत्तर एकच आलं, फक्त नवऱ्याच्या उत्तराला पिवळा रंग होता.

खड्ड्यातले खडे वेचले, वाळू पसरली, त्यावर जुन्या सतरंज्या आणि सतरंज्यांवर कागद. मग नळी सोडली. हिशेबाने साडेचार हजार लिटर पाणी. काळ्या तळामुळे दोन फुटांचं पाणी अथांग वाटायचं. त्यात कुमुदिनीच्या दोन कुंड्या ठेवल्या. अंगणात आभाळ उतरलं होतं आणि मी मनापासून खूश होते.

मग लोक बघायला आले.

"छान झालंय हं," शेजारच्या काकू म्हणाल्या. मग जरा जवळ सरकून, आवाज उतरवून, "पण कागद दिसतोय." साडीखालून परकर दिसत असला की बायका एकमेकींना ज्या आवाजात सांगतात, अगदी त्याच आवाजात. त्यानंतर जो आला त्याला कागद दिसला. कुमुदिनी कोणाला दिसली नाही. कुरियरवाला सही घेता घेता म्हणाला, "मॅडम, कागद झाकून टाका ना." पाण्याखालचा कागद महिना-दोन महिन्यांत आपोआप झाकला जातो, त्यावर शेवाळाचा मऊ हिरवा थर बसतो, हे मी प्रत्येकाला सांगत होते. पण "थोडं थांबा" या सल्ल्याला आपल्याकडे कधीच गिऱ्हाईक नसतं.

त्यात सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गंगापूर धरण मातीचं आहे आणि त्याच्या पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेत, म्हणजे पिचिंग केलंय, हे आमच्या घरात बाळालासुद्धा ठाऊक असतं. बाबांनी तळ्याला एक फेरी मारली आणि निकाल दिला. "पिचिंग कुठंय?"

"बाबा, धरणाला पिचिंग असतं ते लाटांनी माती खचू नये म्हणून. आपल्या तळ्यात लाट येते ती तुमचा नातू पाय घालतो तेव्हाच."

"पिचिंगशिवाय पाणी म्हणजे उघडं पोट," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. त्यांच्या खात्यात फाईल अशीच पुढे सरकत असावी.

नवऱ्याला हे निमित्त पुरलं. तो बेसाल्टच्या बाजूचा आहे. दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि आपण त्याच्या छातीवर राहून तळ्यात प्लास्टिक मिरवतो, अशी त्याची भूमिका. काकूंनी संगमरवराचे पांढरे तुकडे सुचवले होते. ते मीच हाणून पाडले, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीच, पाण्याचा क्षार वाढायला तेवढं कारण पुरे. मग एका रविवारी ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी राहिली आणि अर्धा ब्रास गोल गोटे ओतून गेली.

अर्धा ब्रास हे बोलायला फार हलकं माप आहे. अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट. त्यातली चाळीस टक्के पोकळी सोडली तरी ३० घनफूट निव्वळ दगड, वजन दोन टनांच्या वर. हे दोन टन तळ्यात उतरले तेव्हा साडेआठशे लिटर पाणी काठावरून शेवग्याच्या आळ्यात गेलं. म्हणजे पैसे मोजून आपण तळं लहान केलं. नवऱ्याने फोटो काढले. ते सुंदर आले, हे मान्य करते. फोटोला वास येत नाही.

वास सुरू झाला तो हिवाळ्यात. आमचा शेवगा तळ्यापासून लांब आहे, पण त्याचं पान नखाएवढं असतं आणि वाऱ्याला अंतर कळत नाही. उघड्या कागदावर ही पानं एका कोपऱ्यात जमायची, मी जाळीने उचलायचे, पाच मिनिटांचं काम. आता ती गोट्यांच्या फटीत शिरू लागली. माशांची घाण फटीत, उरलेलं खाद्य फटीत, वरून धूळ. फटीत पाणी खेळत नाही, त्यामुळे हवा पोचत नाही, आणि हवेविना जे कुजतं त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सड्या अंड्याचा वास. आमचं घर शुद्ध शाकाहारी असल्यामुळे हा वास ओळखायला सगळ्यांना वेळ लागला. सासूबाई आठवडाभर फ्रिज धूत होत्या.

"आई, दगड चांगले असतात," चिरंजीवांनी अकरावीच्या पुस्तकातून मान वर करून सांगितलं. "माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ते दगडांवर राहतात."

"कागदावर नाही राहत?"

"राहतात. कुठेही राहतात. पण दगडांवर जागा जास्त मिळते."

"मग त्यांना सांग, जागा घेतलीय तर सोसायटीच्या सफाईलाही या."

कारण खरा मुद्दा तो होता. दगड मागणारी माणसं वेगळी असतात आणि दगड घासणारी वेगळी. काकूंनी दगड मागितले, बाबांनी मागितले, नवऱ्याने आणले, कुरियरवाल्यानेही मत दिलं. घासायच्या वेळी काकू लेकीकडे, बाबांचा गुडघा, नवऱ्याची मीटिंग आणि कुरियरवाला दुसऱ्या भागात. साडेसहा कोटी वर्षं ज्या दगडाला कोणी घासणी लावली नाही, तो माझ्या वाट्याला आला.

मावशींना विचारून पाहिलं. आमच्याकडे त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून आहेत. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, मी भांडी घासते. दगडं घासायची माझ्याच्यानं व्हायची नाहीत." वर विचारलं, "आणि घासून परत पाण्यातच टाकायचीत ना?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

दगडांचे चाहते आणखीही होते. एक ढोकरी रोज सकाळी यायची. उघड्या कागदाच्या सरळ कडेवर तिचा पाय ठरत नसे. आता काठाच्या उथळ गोट्यांवर ती वाकून उभी राहायची, कोणाला वाटेल ध्यानस्थ आहे, आणि गप्पी मासे टिपायची. ते गप्पी मलेरिया विभागाच्या माणसाने दिलेले होते. पावसाळ्यानंतर तो बॅटरी आणि पळी घेऊन येतो. तळाला नुसता कागद होता तेव्हा त्याने एक झोत टाकला, तळ दिसला, "ओके" म्हणाला आणि गेला. दगड पडल्यावर मात्र बराच वेळ बसला. "मोठ्या पाण्यात मासे आहेत, तिथं काही नाही," तो म्हणाला. "पण काठाच्या ह्या बेचक्यांत पाणी तुटून राहतं, तिथं मासा पोचत नाही." त्याने पळी बुडवून मला दाखवलं. डासांच्या अळ्यांची वळवळ होती. बाबा म्हणाले, "बारीक खडी भरून घ्या." इंजिनियर माणसाचं दगडावरचं औषध दगडच असतं.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. उघड्या कागदावर शेवाळ चढलं की तो इतका निसरडा होतो की आत पडलेली खार बाहेर येऊ शकत नाही. एक मीच जाळीने काढली होती. त्यामुळे एका कडेला चढण म्हणून चार-सहा दगड हवेतच, आणि बेडूकही ते वापरतात. कडेचा दिसणारा कागद झाकायला वरच्या पायरीवर एक ओळ लावा, माझी ना नाही. माझं भांडण तळाशी आहे. जिथे कोणाची नजर जात नाही तिथे दोन टन दगड कोणासाठी?

अखेर मे संपताना घरात ठराव झाला की पावसाआधी एकदा तळ साफ करायचाच. टिल्लू पंपाने पाणी उपसलं, गोटे बाहेर काढून अंगणात पसरले, खालचा काळा चिखल बादलीने झाडांना घातला. झाडांनी तरी कौतुक केलं. तळं रात्रभर रिकामं राहिलं आणि त्याच रात्री वळीव कोसळला. गच्चीचा पाइप तळ्याशेजारीच सुटतो. आमची माती काळी, ती पाणी पिते आणि सोडत नाही. सकाळी पाहिलं तर तळाचा कागद मधोमध दीड फूट वर आलेला. खाली पाणी, वर काही नाही. चिरंजीवांनी काठीने टोचून पाहिलं, तर सगळा तळ डुलला.

बाबा छत्री घेऊन बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं तेज निवृत्तीनंतर प्रथमच पाहिलं. "वजन," ते म्हणाले. "तळाला वजन नव्हतं. दगड असते तर कागद उठला असता का?"

"बाबा, दगड होते म्हणून तर तळं उपसावं लागलं. उपसलं नसतं तर आत साडेतीन टनांवर पाणीच होतं की वजनाला!"

"दगड नुसतेच काढले. परत वेळेवर घातले असते तर?"

"घासले कोणी असते?"

नवऱ्याने मध्यस्थी म्हणून भाऊजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "पाऊस तोंडावर असताना तळं रिकामं कशाला केलं? भोक पाडू नका. वरनं हळूहळू पाणी सोडा, खालचं सरकेल. आणि त्या पायपाला बाक लावून पाणी दुसरीकडे काढा." मग जरा थांबून विचारलं, "वहिनी, पण तळात दगड टाकले कोणी? शेततळ्यात आम्ही जनावराला उतरू देत नाही कागद फाटेल म्हणून."

स्पीकरवर हे सगळ्यांनी ऐकलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाबा पाइप बघायला गेले.

पाणी सोडल्यावर कागद दोन दिवसांत बसला. वरच्या पायरीवर गोट्यांची एक ओळ गेली, ती मी मोजून घासली आहे, आणि तळ पुन्हा उघडा आहे. राहिलेला ढीग तेव्हापासून अंगणात स्कूटरच्या जागेवर पडून आहे. घ्यायला कोणी तयार नाही. फुकट म्हटलं तरी ट्रॅक्टरवाला परत न्यायचे पैसे मागतो, आणि तेही आणायच्या पैशांपेक्षा जास्त. काकू आल्या, त्यांनी तळं पाहिलं आणि जवळ सरकून काही बोलणार तेवढ्यात मी त्यांना चहाला आत नेलं.

परवा नवरा त्या ढिगाभोवती टेप घेऊन फिरत होता. बाबा खुर्चीवर बसून त्याला उंची सांगत होते. "एवढे दगड आहेतच," नवरा म्हणाला, "कोपऱ्यात छोटासा धबधबा केला तर?"

ओट्याशी भांडी विसळणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. "ताई," त्या म्हणाल्या, "खरंच करणार असतील तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडची कामं धरते."