दोन सुती पटाशी

आमच्या घरात आजोबांचा एक लाकडी डबा आहे. वीतभर लांब, चार बोटं उंच. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये कामाला होते, म्हणून डबाही मिल निघाली तेव्हाचा, म्हणजे १८७७ चा, असं वडील पाहुण्यांना सांगायचे. आजोबांचा जन्मच १९१० चा. पण चहा हातात असताना पाहुणे हिशेब करत नाहीत.

या डब्याला एकही खिळा नाही. कोपऱ्यांवर लाकडाचेच दात एकमेकांत अडकवलेत. एका फळीचे दात टोकाकडे रुंद होत जातात, पारव्याने शेपूट पसरावी तसे. त्यावरूनच इंग्रजांनी या सांध्याला डव्हटेल म्हटलं. त्या बाजूने फळी कितीही ओढा, सुटायची नाही. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, एप्रिलच्या एका दुपारी, बाहेर ४३ अंश तापलेलं असताना, मी तो डबा हातात घेतला आणि जाहीर केलं, असा एक डबा आपण स्वतः करायचा. हाताने.

"करा की," बायको म्हणाली. "शेंगाचटणीला डबा पाहिजेच आहे."

त्या क्षणी उठून एक फळी आणली असती तर हा लेख इथेच संपला असता. मी मोबाईल उघडला.

पहिली अडचण करवतीची. मला वाटायचं करवत म्हणजे करवत. तसं नसतं. आडवं कापायची वेगळी, उभं चिरायची वेगळी, आणि डव्हटेलचे दात लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे उभे चिरायचे असतात. करवतीचं पान पातळ हवं आणि पातळ पान वाकू नये म्हणून त्याच्या पाठीवर पितळी किंवा पोलादी पट्टी हवी. एवढं समजायला मला आठ दिवस लागले आणि नवव्या दिवशी कळलं की जपानी करवत निराळीच असते. आपल्या दुकानातली करवत पुढे ढकलताना कापते, जपानी करवत मागे ओढताना. ओढताना पान ताणलेलं राहतं, त्यामुळे ते आणखी पातळ चालतं, पार ०.३ मिलिमीटर. मग काय, मला रात्री झोपेतही ढकलू की ओढू, ढकलू की ओढू. बायकोने एकदा पांघरलेली चादर ओढून घेतली तेव्हा मी म्हणे "बघ, ओढताना ताण येतो" असं बोललो. ती अजून ते चारचौघांत सांगते.

जपानी करवत मागवली. साडेतीन हजार. शाळेपासूनच्या मित्राने ती उलटीसुलटी करून बघितली. "काय बे, एवढ्या पैशात सुतार येऊन डबा करून, चहा पिऊन गेला असता की." त्याला मी पानाची जाडी सांगितली. तो म्हणाला, "पैशाची जाडी सांग."

मग पटाशी, म्हणजे लाकडात खाच पाडायचं हत्यार. मोबाईलवरचे सगळे जाणकार ६ मिलिमीटर रुंदीपासून सुरुवात करा म्हणतात. मी बाळीवेशीकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ६ मिलिमीटरची पटाशी मागितली.

"सुतीत बोला मालक. किती सुती?"

आठ सुतांचा एक इंच. म्हणजे दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मी तिथेच मोबाईलवर आकडेमोड केली आणि दुकानदाराला सांगितलं की दोन सुती पटाशी ०.३५ मिलिमीटरने जास्त आहे, सांध्यात फट राहील. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती, एक बिजागऱ्यांसाठी, एक पाईपच्या एल्बोसाठी. दुकानदाराने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "मालक, आधी कधी वापरलीय का पटाशी?" मी दोन सुती घेतली. चार सुती पण घेतली. सहा सुती का घेतली हे मला आजतागायत माहीत नाही. बहुधा इज्जतीखातर.

नव्या पटाशीला धार नसते, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. धार आपण लावायची. पंचवीस अंशांचा उतार, त्याच्या टोकाला तीस अंशांचा आणखी एक बारीक उतार, आणि मागची बाजू आरशासारखी सपाट, कारण दोन बाजू जिथे मिळतात तीच धार. इथवर पटलं. त्यासाठी मी जो दगड मागवला तो पाण्यात भिजवून वापरायचा होता. पंधरा मिनिटं पूर्ण बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे दगड करणाऱ्यांच्या गावाला रोज नळ येत असणार. आमच्याकडे पाणी तीन दिवसांआड. पाण्याच्या दिवशी पहाटे पाचला घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, बादली, अगदी पितळी तपेलंसुद्धा कामाला लागतं, आणि मी त्यातली एक बादली अडवून तिच्यात दगड सोडला.

"अहो, हे काय?"

"भिजत घातलाय."

"मटकी भिजत घाला एक वेळ. दगड काय मोड येऊन खायचाय?"

दगड बादलीतून निघाला आणि फ्रीजवर जाऊन बसला. शेवटी दोन बाजूंचा साधा कार्बोरंडमचा दगड आणला आणि त्यावर दोन थेंब खोबरेल टाकून पटाशी घासली. हातावरचे केस कापले गेले म्हणजे धार लागली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या डाव्या मनगटावर आता एकही केस नाही. लग्नकार्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

एव्हाना गुण्या, मार्किंग गेज, कोन आखायचं पितळी टेम्प्लेट, लाकडी मोगरी आणि फळी धरायला शेगडा असा ऐवज जमला होता. जून उजाडला होता. डबा नव्हता. आता फक्त एक प्रश्न उरला होता, शेपटीचा उतार किती? मऊ लाकडाला १:६, टणक लाकडाला १:८. माझी फळी जुन्या वाड्याच्या चौकटीतून निघालेल्या सागाची. साग मऊ की टणक? हे विचारायला मी आजोबांचा डबा पिशवीत घालून पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. हातमागाचे धोटे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, लाकडाशी मौन.

मिस्त्री जमिनीवर बसले होते. फळी धरायला शेगडा नव्हता, डाव्या पायाचा अंगठा होता. हातात हॅक्सॉचं तुटकं पान, मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी माझी जपानी करवत दाखवली. त्यांनी बोटाने पान वाजवून पाहिलं.

"चांगली आहे. ओढून कापते होय? आमचे आजोबा असंच ओढून कापायचे." एवढं बोलून माझे साडेतीन हजार त्यांनी परत माझ्या मांडीवर ठेवले.

उताराचा प्रश्न त्यांना कळलाच नाही. पेन्सिलीने फळीवर दोन तिरप्या रेघा मारल्या, न मोजता. "रेघ ठेवायची. रेघ खायची नाही. बस."

मग मी आजोबांचा डबा काढला. बघा, म्हटलं, एक केस जाईल एवढी फट नाही, मला असं पाहिजे. मिस्त्रींनी डबा उजेडात धरला, कोपरा अंगठ्याच्या नखाने खरवडला आणि नखाखालचं पिवळट पीठ मला दाखवलं.

"भुसा आणि सरस," ते म्हणाले. दुसरा कोपरा खरवडला. "इथंपण." तिसऱ्याला त्यांनी नख लावलंच नाही, नुसते हसले. "फट सगळ्यांचीच राहते साहेब. भरायचा भुसा त्याच लाकडाचा घ्यायचा, मग दिसत नाही."

म्हणजे तीन महिने मी ०.३५ मिलिमीटरसाठी जीव काढत होतो, आणि घरातला आदर्श आतून भुशाने भरलेला. रिक्षात येताना मला आजोबांबद्दल पहिल्यांदाच जरा जवळीक वाटली.

डबा चार दिवसांत झाला. दोन सुती पटाशी, जपानी करवत, मोगरी. बाकीची हत्यारं बघत बसली. शेगडाही सोडला, पण माझा अंगठा मिस्त्रींचा नाही, हे पहिल्याच दिवशी आयोडीनने सांगितलं. फटी राहिल्या. एकीत पोस्टकार्ड गेलं असतं. सगळ्यांत सागाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरला, पॉलिश पेपर मारला आणि डबा ओट्यावर ठेवला. मित्र बघून गेला, त्याला एकही फट सापडली नाही. मी मुद्दाम दोनदा विचारलं.

बायकोने त्यात ताजी कुटलेली शेंगाचटणी भरली. आमच्याकडची चटणी उखळात कुटतात, तिला चांगलं तेल सुटतं. चौथ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. डब्याच्या कोपऱ्यांवर लालसर तेल उमटलं होतं, बरोबर पाच ठिकाणी.

तिने डब्याखाली एक ताटली सरकवली आणि चटणीला बोट लावून म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय."