चोकने इंजिनाची वाट लागत नाही

पुण्यात शिवाजीनगरचा पारा १० अंशांच्या खाली उतरला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. त्याचं सार असं : चोक इंजिनात कच्चं पेट्रोल ओततो आणि पिस्टनची वाट लावतो, त्यापेक्षा ॲक्सिलरेटर पिळून किक मारा, चोक दिलाच, तर गाडी पाच मिनिटं तशीच चालू ठेवा, जुनी माणसं चेतक चोकशिवायच सुरू करत, आणि नव्या गाड्यांना चोकच नाही, यातच काय ते समजा.

'कच्चं पेट्रोल' ऐकायला भयंकर वाटतं. पण पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तापलेल्या इंजिनाला वजनाने १४.७ भाग हवेमागे १ भाग पेट्रोल साधारण पुरतं. गार इंजिनात त्यातलं बरंचसं वाफ न होता इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळीच्या, थंड भिंतींना चिकटून राहतं आणि प्लगपाशी पोचणारं मिश्रण पेटण्याइतकं दाट नसतं. चोक ही तूट भरून काढतो. काही गाड्यांत हवेची वाट झाकून, तर बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची एक छोटी जादा वाट उघडून.

ॲक्सिलरेटरचं म्हणाल, तर आपल्याकडच्या बहुतेक १०० सीसी गाड्यांच्या कार्बोरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) ॲक्सिलरेटर पंप, म्हणजे मूठ पिळताच पेट्रोल आत ढकलणारा पंप, नसतो. बंद गाडीवर मूठ कितीही पिळा, थेंबभरही पेट्रोल आत जात नाही. किक मारताना मूठ पिळलेली ठेवली तर उलट हवा वाढते, पेट्रोल खेचणारी ओढ कमी होते आणि त्याच ओढीवर चालणारा चोकही निकामी होतो. मूठ पूर्ण पिळून किक मारायची ती पेट्रोल ओव्हरफ्लो झाल्यावर, तीही चोक बंद करून. तिथला उपाय इथे येऊन चिकटलेला दिसतो.

पाच मिनिटांचा सल्ला तर स्वतःच्याच पहिल्या वाक्यावर उलटतो. चोक ओढून गाडी तशीच चालू ठेवली की जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, प्लग काजळतो. ज्या नुकसानीचं खापर चोकवर फोडलं, ते यातूनच होतं! पुण्याच्या थंडीला अर्धं-एक मिनिट बास. इंजिनाचा आवाज चढला की चोक आत ढकला आणि गाडी न ताणता निघा. बेसमेंट पार्किंगमध्ये तर चोक ओढून गाडी ठेवूच नका. दाट मिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो आणि त्याला ना रंग ना वास.

आता चेतक. आकुर्डीत तयार झालेली ही स्कूटर सकाळी अंगावर कलती करून मग किक मारायची, हे दृश्य पुण्याच्या गल्लोगल्ली होतं. कलती केल्यावर काय व्हायचं? फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं, पेट्रोल हिंदकळून कार्बोरेटरच्या नळीत उतरायचं आणि मिश्रण दाट व्हायचं. चोकही तेच करतो, फक्त मापात. येझदी मोटरसायकलवाले टिकलर, म्हणजे कार्बोरेटरवरचं छोटं बटण, दाबून त्या वाटीतला फ्लोट (तरंगता गोळा) खाली ढकलत आणि बोटाला पेट्रोल लागलं की किक मारत. मूळ युक्ती तीच. शिवाय चेतकला चोक होताच. तो अडकला असेल किंवा ओढायचा कंटाळा असेल. 'चोकशिवाय' म्हणताना जादा पेट्रोलशिवाय कुणीच गाडी सुरू करत नव्हतं, हे विसरलं जातं.

राहिल्या नव्या गाड्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि दुचाकींचे कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाले. आता सेन्सर इंजिनाचं तापमान सांगतो आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. चोकचा खटका गेला, काम चालूच आहे.

मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात एक खरी शंका असू शकते, ती वेगळी सांगतो. कार्बोरेटरची गाडी मे महिन्यात भर दुपारी, तापलेली असतानाही चोक मागत असेल, तर दोष चोकचा नाही. पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, चोंदलंय, नाहीतर इनटेकचा रबर तडकून हवा आत घुसतेय. जेट साफ करून घ्या. रबर नाना पेठेत मिळेल. जाताना जुना सोबत न्या, म्हणजे मापाचा घोळ होणार नाही.