संस्थापक आले आहेत

परवा माझ्याच चॅनेलमध्ये माझ्याच बॉटने मला ओळख दाखवली नाही. कारण क्षुल्लक: मी इंटरनेटवाला बदलला होता. आयआरसी या जुन्या गप्पांच्या नेटवर्कवर चॅनेल सांभाळणारा एगड्रॉप नावाचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, माणूस ओळखतो तो होस्टमास्कवरून. टोपणनाव, उद्गारचिन्ह, युजरनेम, ॲट, होस्ट (म्हणजे कनेक्शनचा पत्ता). होस्ट बदलला की तुम्ही उपरे, मग त्या बॉटला तुम्ही वर्षानुवर्षं पोसलेलं का असेना.

इथवर ठीक होतं. पण माझ्यामागून एक गृहस्थ आले. हे वर्षातून दोनदा येतात, 'हं' म्हणतात आणि जातात. ते आत शिरताच बॉटने त्यांना ऑप, म्हणजे चॅनेल चालवायचे अधिकार, दिलं आणि वर माझी इन्फोलाइन, म्हणजे मी आलो की जाहीर करायची ओळ, ऐकवली: "संस्थापक आले आहेत, आदर राखा." (ती ओळ लिहिली तेव्हा मी फार तरुण होतो.)

झालं होतं असं, की रोज बदलणाऱ्या आयपीला कंटाळून मी कधीकाळी स्वतःच्या नावावर एक ऐसपैस मास्क टाकला होता. टोपणनावाच्या जागी स्टार (म्हणजे काहीही चालेल), युजरनेमच्या जागी स्टार, खरं काय ते शेवटी जुन्या कंपनीचं नाव. म्हणजे त्या कंपनीचं कनेक्शन घेणारा कोणीही, मी. गृहस्थांनी नेमकं तेच घेतलेलं.

"जरा मला ऑप देता का?" मी विचारलं.

"ऑप म्हणजे?"

"तुमच्या नावाआधी ॲटचं चिन्ह दिसतंय ना, ते."

"हो का? मला वाटलं माझा ईमेल अर्धवट आलाय."

मग 'स्लॅश मोड'पासून शिकवणी. त्यांनी ऑप दिलं. बॉटने काढून घेतलं. बॉटच्या ओळखीच्या यादीत नसलेल्याला कोणी ऑप दिलंच तर हिसकावून घे, हा नियम मीच चालू केलेला. त्यात एकमेकांना जोडलेले बॉट तीन, त्यामुळे माझं एकच ऑप तिघांनी तीनदा काढलं.

"गेलं वाटतं. परत देऊ?"

सात वेळा दिलं. आठव्यांदा ते थांबले. "तुम्ही काही केलंय का? यंत्रं उगाच असं वागत नाहीत."

काय सांगणार? पासवर्ड देऊन नवा होस्ट पटवायला 'आयडेंट' नावाची आज्ञा असते. ती सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून सुरक्षेसाठी मी तिचं नाव बदलून गुप्त ठेवलं होतं. इतकं गुप्त, की आता मलाही आठवेना. चोरांपासून वाचवायला केलेलं प्रत्येक कुलूप पहिल्यांदा मालकालाच अडवतं, आणि चोर समोर बसून 'परत देऊ?' विचारतो, ही काय रीत झाली?

जोडलेल्या बॉटांत एक मुख्य असतो, हब; बाकीचे लीफ, हबकडून यादी घेणारे. शेवटी एका लीफच्या मशीनवर शेलमधून, म्हणजे थेट आज्ञा टाइप करून, शिरलो आणि नवा होस्ट घातला. तेव्हा हबशी लिंक तुटलेली होती, हे मी पाहिलंच नाही. जोडणी झाली, हबने आपली जुनी यादी लीफवर ओतली, मी पुन्हा उपरा. १९९३ साली एगड्रॉप पहिल्यांदा आला. तेव्हापासून किती जणांनी याच जागी कपाळ बडवलं असेल! लिंक जोडलेली असताना पुन्हा घातला, तेव्हा कुठे तिघांनी मला मानलं.

ऐसपैस मास्क खोडला. गृहस्थांचं ऑपही काढलं. थोडा वेळ शांतता. मग त्यांनी लिहिलं:

"ते संस्थापकवालं वाक्य तरी राहू द्या ना."